रक्ताच्या कॅन्सरमध्ये सायटोकाइन रोखणारी औषधे: टोसिलिझुमॅब का देतात आणि घरी आल्यावर काय लक्षात ठेवायचे

"डॉक्टर, बाबांना रक्ताचा कॅन्सर आहे, मग त्यांना हे संधिवाताचे इंजेक्शन का दिले?" डिस्चार्ज कार्ड हातात धरून नातेवाईक हा प्रश्न विचारतात. त्यांची चूक नाही. टोसिलिझुमॅब हे नाव मोबाइलवर शोधले की पहिल्या ओळीत संधिवातच दिसतो. काहींना तर हे नाव आधीपासून पाठ असते. एप्रिल-मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, याच औषधाची चिठ्ठी घेऊन नागपुरातले लोक औषधांची दुकाने पालथी घालत होते. चारशे मिलिग्रॅमची एक बाटली तेव्हा सुमारे चाळीस हजार रुपयांची होती आणि पैसे असूनही मिळत नव्हती.

मी कॅन्सरतज्ज्ञ नाही, नागपुरात जनरल प्रॅक्टिस करतो. हे औषध कोणाला आणि कधी द्यायचे हे रक्तविकारतज्ज्ञ ठरवतात. पण मुंबईत उपचार घेऊन रुग्ण घरी परतला की त्याचा पहिला खोकला आणि पहिली कणकण माझ्यासारख्या डॉक्टरकडे येते. तेव्हा हे औषध शरीरात काय करते आणि काय झाकून ठेवते, हे घरच्यांना माहीत असणे गरजेचे असते.

सायटोकाइन म्हणजे काय?

आपल्या रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. त्या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, इंटरफेरॉन-गॅमा, टीएनएफ ही त्यातली काही नावे. जंतू आत शिरला की हे निरोप सुटतात, ताप येतो, अंग दुखते, भूक मरते. फ्लूमध्ये आपल्याला जे आजारपण जाणवते त्याचा बराचसा भाग जंतूचा नसून या निरोपांचा असतो.

निरोप प्रमाणात असले तर उपयोगी. पण एकाच वेळी लाखो पेशी ओरडू लागल्या तर रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी झिरपते, रक्तदाब घसरतो, फुप्फुसात द्रव साठतो. याला सायटोकाइन रिलीज सिंड्रोम म्हणतात. कार्डावर तो 'सीआरएस' असा लिहिलेला दिसेल.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये हे का होते?

कारण काही नव्या उपचारांत रुग्णाच्या रोगप्रतिकारक पेशींनाच कॅन्सरवर सोडले जाते. त्यातला सर्वात चर्चेतला उपचार म्हणजे कार-टी. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात जनुकीय बदल करून कॅन्सरपेशी ओळखणारा 'हुक' बसवतात, पेशींची संख्या वाढवतात आणि सलाइनसारख्या त्या परत देतात. भारतात हा उपचार पहिल्यांदा ४ जून २०२१ रोजी टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक केंद्रात झाला. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या आणि इम्युनोअ‍ॅक्ट कंपनी बनवत असलेल्या 'नेक्सकार-१९' ला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटी मुंबईत त्याचे लोकार्पण केले. बी-पेशींचा लिम्फोमा किंवा ल्युकेमिया इतर उपचारांना दाद देत नसेल किंवा उलटला असेल, अशा रुग्णांसाठी तो आहे. २०२५ मध्ये लॅन्सेट हीमॅटॉलॉजीत प्रसिद्ध झालेल्या ६४ रुग्णांच्या चाचणीत, ज्यांचा प्रतिसाद मोजता आला त्यांच्यापैकी ७३ टक्के रुग्णांना फायदा झाला. खर्च परदेशाच्या साधारण एक दशांश, तरीही चाळीस लाखांच्या घरात.

या पेशी कॅन्सरपेशींना भिडल्या की सायटोकाइन सुटतात. म्हणजे कार-टीनंतर पहिल्या काही दिवसांत येणारा ताप हा बहुधा पेशी कामाला लागल्याचा परिणाम असतो. भारतीय कार-टीमध्ये तीव्र सीआरएसचे प्रमाण कमी आढळले आहे, पण ते शून्य नाही. इथे एक गैरसमज दूर करतो. ताप आलाच नाही म्हणजे पेशी 'लागल्या' नाहीत, असे समजू नका. सीआरएस न होताही चांगला प्रतिसाद मिळालेले रुग्ण असतात.

ब्लिनाट्युमोमॅबसारखी इंजेक्शने टी-पेशी आणि कॅन्सरपेशी यांची गाठ घालून देतात, त्यांच्यानंतरही हेच होऊ शकते. म्हणून त्यांचे पहिले काही दिवस रुग्णालयातच काढावे लागतात. "नुसतेच इंजेक्शन आहे, नागपुरात घेतो आणि संध्याकाळी घरी जातो" असा आग्रह धरू नका.

संधिवाताचे औषध इथे कसे आले?

ही हकीकत मला स्वतःला फार आवडते. इंटरल्यूकिन-६ वर जपानमध्ये ओसाका येथे तादामित्सु किशिमोतो यांनी आयुष्यभर काम केले. त्याला रोखणारे टोसिलिझुमॅब जपानमध्ये २००५ साली प्रथम मान्य झाले ते कॅसलमन आजारासाठी. हा लसिकाग्रंथींचा एक दुर्मीळ विकार आहे. संधिवातासाठीची मान्यता त्यानंतरची.

२०१२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयात सहा वर्षांच्या एमिली व्हाइटहेडला कार-टी दिले गेले. हा उपचार घेणारी ती पहिली लहान मूल. काही दिवसांत ती व्हेंटिलेटरवर गेली. स्टिरॉइड देऊनही ताप आणि रक्तदाब आवरेना. रक्ताच्या तपासणीत इंटरल्यूकिन-६ प्रचंड वाढलेले निघाले. कार-टीचे संशोधक कार्ल जून यांच्या मुलीला लहानपणापासूनचा संधिवात होता, त्यामुळे या औषधाचे नाव त्यांच्या ओळखीचे होते. ते एमिलीला देण्यात आले आणि काही तासांतच ती सावरू लागली. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत पहिल्या कार-टीला मान्यता मिळाली त्याच दिवशी सीआरएससाठी टोसिलिझुमॅबलाही मिळाली. आजही कार-टी देण्याआधी हे औषध रुग्णालयात तयार आहे ना, याची खात्री केली जाते.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. टोसिलिझुमॅब कॅन्सरपेशी मारत नाही. उपचाराने पेटलेली आग ते विझवते. "मग सायटोकाइनच रोखून कॅन्सर का बरा करत नाहीत?" असेही मला एकाने विचारले होते. प्रश्न हुशारीचा आहे. मल्टिपल मायलोमाच्या पेशी इंटरल्यूकिन-६ वर पोसल्या जातात, म्हणून सिल्टुक्सिमॅब नावाचे औषध तिथे वापरून पाहिले गेले. रुग्णांचे आयुष्य त्याने वाढले नाही. तेच औषध कॅसलमन आजारात मात्र उपयोगी ठरले.

हे औषध कसे देतात?

कार-टीनंतर १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप हा सीआरएसचा पहिला टप्पा धरतात. रक्तदाब उतरू लागला किंवा ऑक्सिजन लावावा लागला की दुसरा. रक्तदाब टिकवण्यासाठी औषधाचे ड्रिप किंवा जास्त प्रवाहाचा ऑक्सिजन लागला तर तिसरा. व्हेंटिलेटर लागला, किंवा रक्तदाबासाठी एकाहून अधिक औषधे लागली, तर चौथा. पहिल्या टप्प्यात बहुतेकदा पॅरासिटामॉल, सलाइन आणि अँटिबायोटिक देऊन बारीक लक्ष ठेवतात. ताप हटत नसेल किंवा दुसरा टप्पा सुरू झाला तर टोसिलिझुमॅब देतात.

वजनाच्या दर किलोला ८ मिलिग्रॅम, तासाभरात शिरेतून, एका वेळी जास्तीत जास्त ८०० मिलिग्रॅम. ३० किलोखालील मुलांना किलोमागे १२. गरज पडली तर आठ तासांनी पुन्हा, एकूण चार डोसपर्यंत. तेवढ्याने भागले नाही तर डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड जोडतात, आणि तेव्हा मधुमेह नसलेल्यांचीही साखर चढू शकते.

डोसनंतर नातेवाइकांची झोप उडवणारा एक रिपोर्ट येतो. इंटरल्यूकिन-६ आधीपेक्षा जास्त! हे औषध इंटरल्यूकिन-६ नष्ट करत नाही, ते ज्या जागी चिकटते ती जागा अडवते. कुलपात आधीच दुसरी किल्ली अडकवून ठेवावी तसे. चिकटायला जागा न मिळालेले इंटरल्यूकिन रक्तात फिरत राहते आणि आकडा वाढतो. डोसनंतरच्या या आकड्यावरून तब्येत ठरवू नका. रक्तदाब, ऑक्सिजन आणि रुग्ण कसा दिसतो आहे ते पाहा.

या औषधाने कार-टीचा परिणाम मारला जाईल का, अशी भीती घरच्यांना असते. टोसिलिझुमॅबमुळे परिणाम कमी होतो असे अनुभवातून दिसलेले नाही. स्टिरॉइडबाबत डॉक्टर जास्त सावध असतात. ते गरजेपुरतेच आणि शक्य तितके कमी दिवस देण्याचा प्रयत्न असतो. पण ते द्यायची वेळ आलीच तर "स्टिरॉइड नको" म्हणून सही अडवून धरू नका.

मेंदूवर परिणाम झाला तर

कार-टीनंतर काही रुग्णांना बोलताना शब्द आठवत नाहीत, गोंधळ होतो, हात थरथरतो, क्वचित झटके येतात. टोसिलिझुमॅबचा रेणू मोठा असल्याने मेंदूत फारसा पोचत नाही, म्हणून इथे मुख्य औषध स्टिरॉइड असते.

हे लवकर ओळखण्याची पद्धत अगदी साधी आहे. नर्स रोज विचारतात: साल कोणते, महिना कोणता, शहर कोणते, हे कोणते रुग्णालय? तीन वस्तूंची नावे सांगा, शंभरापासून दहा-दहा कमी करत मोजा, एक वाक्य लिहा. कालचे आणि आजचे अक्षर शेजारी ठेवले की बिघाड दिसतो. विदर्भातल्या कुटुंबांना माझे सांगणे एवढेच की ही परीक्षा मराठीत घ्यायला सांगा. गावाकडच्या आजोबांना हिंदीत किंवा इंग्रजीत उलटे आकडे मोजायला लावले तर ते तब्येत ठणठणीत असतानाही चुकतील. उपचाराच्या आदल्या दिवशीच त्यांचे मराठी वाक्य लिहून ठेवा, म्हणजे तुलना खरी होईल. शहराचे नाव विचारल्यावर कोणी "मुंबई" म्हणेल, कोणी "खारघर", तेही आधी सांगून ठेवलेले बरे. आणि बारीक फरक सगळ्यात आधी सोबत बसणाऱ्यालाच कळतो. बाबा आज नुसतेच गप्प आहेत, एवढेही नर्सला सांगण्यासारखे असते.

याच जातीची इतर औषधे

अ‍ॅनाकिन्रा इंटरल्यूकिन-१ रोखते. टोसिलिझुमॅबने न आवरणाऱ्या काही रुग्णांत ते वापरतात. इमापालुमॅब इंटरफेरॉन-गॅमाला पकडते आणि एचएलएच नावाच्या गंभीर गुंतागुंतीसाठी आहे.

नागपुरात माझ्या पाहण्यात जास्त येते ते रक्सोलिटिनिब, कारण ती रोज घरी घ्यायची गोळी आहे. सायटोकाइनचा निरोप पेशीच्या आत पोचवणारी जेएके नावाची यंत्रणा ती अडवते. मायलोफायब्रोसिसमध्ये वाढलेली पानथरी आणि रात्रीचा घाम तिने कमी होतो. बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर हल्ला करतात तेव्हाही ती देतात. ती अचानक बंद करायची नाही. गोळ्या संपल्या आणि तिकीट पुढच्या आठवड्याचे आहे, म्हणून चार दिवस खंड पडला तर दबलेले सायटोकाइन उसळून ताप, धाप, रक्तदाब घसरणे असे होऊ शकते. दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढच्यांची सोय करा. अंगावर पट्ट्यात फोड उठले तर ती नागीण असू शकते. मंत्र-उताऱ्यात दिवस न घालवता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

उपचाराला निघण्याआधी

घरात कोणाला क्षयरोग झाला होता का, रुग्णाला स्वतःला कधी झाला होता का, हे न लाजता सांगा. सायटोकाइन रोखले की दबून बसलेला क्षयरोग डोके वर काढू शकतो. हिपॅटायटिस बी चेही तसेच. त्याच्या तपासण्या आधी झाल्या पाहिजेत, जुने रिपोर्ट असतील तर सोबत न्या.

पैशांबद्दल बोलताना अंदाजपत्रकात सीआरएसची औषधे, आयसीयू आणि रक्तघटक धरले आहेत का, हे स्पष्ट विचारा. टोसिलिझुमॅबची भारतात बनलेली बायोसिमिलरही आता आहेत, कोणते वापरणार तेही विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची ५ लाखांची मर्यादा या खर्चापुढे तोकडी आहे. म्हणून रुग्णालयातील समाजसेवा विभागाला पहिल्याच भेटीत गाठा. मुख्यमंत्री आणि पंतप्रधान सहायता निधीचे अर्ज, ट्रस्टची मदत हे सगळे वेळखाऊ असते. पेशी दिल्यानंतरही काही आठवडे रुग्णालयाजवळच राहावे लागते, तो खोलीभाड्याचा खर्चही मोजा. मुंबई इथून आठशे किलोमीटरहून लांब आहे. रात्री ताप आला तर विदर्भ एक्सप्रेसने सकाळी पोचू, हा हिशेब इथे चालत नाही.

घरी आल्यावर: ताप नाही म्हणजे सगळे ठीक, असे नाही

आता माझी स्वतःची चूक सांगतो. पन्नाशीतले एक गृहस्थ लिम्फोमासाठी कार-टी घेऊन बाविसाव्या दिवशी नागपूरला आले. घरात लग्न होते. कोरडा खोकला आणि जिना चढताना थोडी धाप, एवढीच तक्रार. ताप ९८.४. छाती साफ वाटली. सीआरपी करून घेतली, ती नॉर्मल आली. मी खोकल्याचे औषध दिले आणि दोन दिवसांनी दाखवा म्हटले. कार्डावर 'टोसिलिझुमॅब, दोन डोस' असे लिहिलेले होते. मी ते वाचले, पण त्याचा अर्थ लावला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या पत्नीने ऑक्सिमीटर लावून पाहिले तर ८९. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. अकरा दिवस रुग्णालयात काढून ते घरी आले. मी त्यांच्या घरी जाऊन चूक कबूल केली.

ताप चढणे आणि यकृताने सीआरपी बनवणे, या दोन्हींमागे मुख्यतः इंटरल्यूकिन-६ चाच निरोप असतो. तोच अडवला असताना आत संसर्ग वाढला तरी थर्मामीटर शांत राहू शकतो आणि सीआरपी नॉर्मल येऊ शकते. डोसनंतर दोन-तीन आठवडे हे लक्षात ठेवायचे. पोटाचेही असेच. या औषधात क्वचित आतड्याला छिद्र पडू शकते आणि तेव्हाही ताप फारसा नसतो. नव्याने सुरू झालेली सतत दुखणारी पोटदुखी गॅस समजून घरी ठेवू नका. कार-टीनंतर पांढऱ्या पेशी कित्येक आठवडे कमी राहतात, त्यामुळे संसर्गाचा धोका खराच असतो.

म्हणून थर्मामीटरच्या जोडीला घरात ऑक्सिमीटर आणि रक्तदाबाचे यंत्र ठेवा. खोकला, धाप, हुडहुडी, लघवीला जळजळ, जुलाब, असामान्य झोपाळूपणा, ऑक्सिजन ९४ च्या खाली, वरचा रक्तदाब ९० च्या खाली, यातले एकही दिसले तर ताप नसतानाही त्याच दिवशी दाखवा.

आणि ताप आलाच, १००.४ किंवा त्यावर, तर आधी फोन, मग पॅरासिटामॉल. आपल्याकडे हे नेमके उलटे होते. गोळी देऊन सकाळपर्यंत वाट पाहतात. कार-टीनंतर महिना उलटल्यावर आलेला ताप हा संसर्गच समजून वागायचे असते. रक्ताचे कल्चर घेऊन पहिल्या तासात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे, आणि ते घराजवळच्या दवाखान्यात होणार नाही. नागपुरात कोणत्या रुग्णालयात जायचे, हे मुंबई सोडण्यापूर्वी तुमच्या तज्ज्ञांकडून नाव घेऊन ठरवा. जामठ्याची राष्ट्रीय कॅन्सर संस्था, मिहानमधले एम्स, मेडिकल किंवा रक्तविकारतज्ज्ञ असलेले खासगी रुग्णालय, जे ठरेल तिथे परतल्यावर एकदा जाऊन फाइल दाखवून या. रात्री दोन वाजता पहिली ओळख व्हायला नको.

एक कागद रुग्णाच्या खिशात कायम असू द्या. त्यावर कार-टीची तारीख, टोसिलिझुमॅबच्या प्रत्येक डोसची तारीख, स्टिरॉइड चालू आहे की बंद, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट आणि मुंबईच्या वॉर्डचा नंबर लिहा. खाली मोठ्या अक्षरांत आणखी एक ओळ: "ताप किंवा सीआरपी नसली तरी संसर्ग असू शकतो." माझ्यासारख्या डॉक्टरने कार्ड नुसते वाचून बाजूला ठेवले, तर ती ओळ त्याच्यासमोर धरा.